आधी अर्थिंग, मग गन

उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेनं सुरत सोडली की थोड्याच वेळात चलथाण लागतं. ऊस, सहकारी साखर कारखाना, जवळून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि कडोदरा-पलसाण्याच्या बाजूला कापडाच्या मिला, असा हा भाग. याच लोहमार्गानं नंदुरबार, धुळे, जळगावकडची मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला कामाला आली आणि लूम, मिल, वेल्डिंग, फॅब्रिकेशन अशा धंद्यांत स्थिरावली. मिला आणि बांधकामं आली की लोखंडाचं काम येतं, आणि लोखंडामागून रंग येतोच. मिलमधल्या ट्रॉल्या, मशिनांचे गार्ड, इलेक्ट्रिक पॅनेलची खोकी, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटं, रॅक या मालाला रंग कसा द्यायचा, यावर धंद्यात दोन तट आहेत. एक तट कंप्रेसर आणि कपगननं ओला रंग मारणाऱ्यांचा. दुसरा तट स्थिरविद्युत गननं पावडर मारून ती भट्टीत भाजणाऱ्यांचा. पहिल्या पक्षाची बाजू कच्ची करून मांडली तर तिला दिलेल्या उत्तराला किंमत राहत नाही. म्हणून ती बाजू मी एका अनुभवी फॅब्रिकेशनवाल्याच्या तोंडी ठेवतो आणि खानदेशी रिवाजाप्रमाणं त्याला नाना म्हणतो. हे नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे; त्यांचे आक्षेप मात्र धंद्यातले खरे आहेत. उत्तरं माझी आहेत.

नाना म्हणतात: "भाऊ, एक कंप्रेसर, एक कपगन आणि थिनरचा डबा एवढ्यावर माझं काम चालतं. रेड ऑक्साइड मारला, सुकू दिला, वर दोन हात इनॅमल. पार्टीला निळा हवा तर निळा, राखाडी हवा तर राखाडी, अर्ध्या तासात गन धुऊन दुसरा रंग. माल कितीही मोठा असो, अंगणात ठेवून मारता येतो. चरा पडला तर ब्रशनं टच-अप. तुझ्या पावडरला बूथ हवा, भट्टी हवी, गॅस हवा, वर ती हजारो व्होल्टची गन. एवढं करून पार्टी किलोमागं दोन पैसे जास्त द्यायला तयार नाही. मग मी कशासाठी बदलू?"

नाना, तुमचा हिशेब चुकलेला नाही, पण त्यात एक रकाना राहून गेलाय. गनमधून निघालेला रंग जातो कुठं, हे त्यात धरलेलं नाही. साध्या हवेच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी साधारण पंचवीस ते चाळीस टक्केच मालावर बसतो. जाळी किंवा ग्रिल असेल तर त्याहूनही कमी, कारण निम्म्या वेळी गन सळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवरच चाललेली असते. उरलेला रंग भिंतीवर, जमिनीवर आणि मारणाऱ्या पोराच्या छातीत जातो. शिवाय जो बसला त्यातलं द्रावक हवेत उडून जातं. पैसे आपण त्याचेही मोजलेले असतात. हा वाया जाणारा माल थांबवावा म्हणूनच स्थिरविद्युत फवारणी जन्माला आली. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये हॅरोल्ड रॅन्सबर्ग यांनी 1940 च्या दशकात ही पद्धत कारखान्यात आणली, आणि त्यांनी भारित केला तो ओला रंगच होता. पावडर नंतर आली. जर्मनीत एर्विन गेमर यांनी 1950 च्या दशकात पावडरीत हवा फुंकून ती उकळत्या पाण्यासारखी हलती ठेवायची आणि तापवलेला माल तीत बुडवायचा, अशी रीत काढली. तिनं थर जाड बसायचा. पुढं 1960 च्या दशकात पावडर भारित करून गननं मारण्याची सोय झाली, तेव्हा कुठं ती कपाटं आणि पॅनेलच्या कामाची झाली. म्हणजे विजेचा आणि पावडरीचा संबंध आपण समजतो तेवढा जन्मजात नाही. तुम्ही उद्या ओला रंगच ठेवला आणि फक्त गन विजेची केली तरी बचत होईलच. मोटारींच्या कारखान्यांत वरचा रंग आजही भारित ओल्या थेंबांनीच बसतो, भोवऱ्यागत फिरणाऱ्या कपांतून.

आता पावडरीचं गणित पाहा. एक किलो पावडर, तिची घनता पाण्याच्या दीडपट आणि थर 60 मायक्रॉनचा धरला, तर कागदावर ती सुमारे 11 चौरस मीटर झाकते. पहिल्या फवाऱ्यात शंभरातली पासष्ट ग्रॅम बसली तर हाती येतात सात चौरस मीटर. बूथच्या फिल्टरमधून खाली पडलेली पावडर चाळून, नव्या पावडरीत मिसळून पुन्हा वापरली तर हा आकडा अकराच्या जवळ सरकतो. ओल्या रंगाच्या बाबतीत भिंतीवर गेलेला रंग परत डब्यात येत नाही. पावडरीत ती सोय आहे, आणि तिचा खरा फायदा तिथंच आहे. अर्थात ही रिकव्हरी एकच रंग दिवसभर चालला तरच जमते. दर तासाला रंग बदलणारा जॉबवर्कवाला खाली पडलेली पावडर फेकूनच देतो, आणि मग तो आणि तुम्ही जवळजवळ सारख्याच तोट्यात असता. ज्याच्याकडं वीस रंगांचे वीस छोटे जॉब येतात त्यानं पावडरीच्या बचतीवर फार भिस्त ठेवू नये, हे मी आधीच कबूल करतो.

पण माझा मुद्दा बचतीच्याही मागं आहे. गन पावडरीला भार देते, आणि माल जमिनीला जोडलेला असला तर ती पावडर त्याच्याकडं ओढली जाते. हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो, आणि त्यातला 'जमिनीला जोडलेला असला तर' हा भाग घाईत उरकतो. गनच्या टोकाशी 60 ते 100 हजार व्होल्टचा दाब असतो, पण प्रवाह अगदी थोडा, मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजण्याइतका. हा प्रवाह हवेतून मालावर येतो आणि तिथून हूक, रॉड, फ्रेम असा जमिनीत जायला हवा. समजा 50 मायक्रोॲम्पिअर मालावर पोचतायत आणि मालापासून जमिनीपर्यंतचा रोध 1 मेगाओम आहे. मग माल जमिनीपेक्षा फक्त 50 व्होल्ट वर राहतो. गनच्या मानानं काहीच नाही. आता तोच हूक महिनाभर मालाबरोबर भट्टीत जाऊन आलाय, त्याच्यावर पावडरीचे दहा-बारा थर भाजून बसलेत आणि रोध हजार मेगाओम झालाय असं धरा. कागदावर माल 50 हजार व्होल्टपर्यंत चढायला निघतो. प्रत्यक्षात तेवढा चढायच्या आधीच भार इकडंतिकडं गळतो किंवा ठिणगी पडते, पण पावडरीला ओढून घेणारं बळ तोवर निघून गेलेलं असतं. भार घेऊन आलेली पावडर मालाला वळसा घालून फिल्टरकडं जाते. मारणारा पोरगा मग काय करतो? व्होल्टेजचा नॉब शेवटपर्यंत फिरवतो. आणि त्यानं रोग बरा होत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या एनएफपीए 33 या अग्निसुरक्षा मानकात आणि युरोपच्या मानकांतही माल ते जमीन हा रोध 1 मेगाओमच्या आत असावा, असं ठरवून दिलंय. हे साध्या मल्टीमीटरनं नीट कळत नाही, मोठा रोध मोजणारा मेगर लागतो. अर्थिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं अंगणातला खड्डा, कोळसा आणि मीठ येतं. खड्डा यंत्राच्या सुरक्षेसाठी हवाच, पण पावडर न बसण्याचं कारण बहुतेक वेळा खड्ड्यात सापडत नाही. खड्ड्याचा रोध पाचाचा वीस ओम झाला तरी दशलक्ष ओमच्या हिशेबात तो कुठंच नसतो. घोटाळा असतो हुकाच्या त्या टोकाशी, जिथं माल टांगतो. तांदळाच्या दाण्याएवढी ती जागा उघड्या धातूची हवी, आणि नेमकी तीच जागा रंगानं सर्वांत आधी झाकली जाते. हुकाचं टोक कानशीनं घासून चकचकीत ठेवायला फारसा खर्च येत नाही. तरीही कुठल्याही शॉपमध्ये सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती असं विचारलं तर मी हुकाकडंच बोट दाखवीन.

नाना इथं थांबत नाहीत: "हे सगळं मान्य केलं, तरी तुझी पावडर टिकते कुठं? वर्षात कोपऱ्यातून फुगा येतो, नख लावलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखी अख्खी निघते आणि खाली लोखंड तांबडं. माझं इनॅमल झडतं ते थोडं थोडं झडतं. तुझी पावडर झडली की पूर्ण अंग उघडं पडतं."

ही तक्रार खरी आहे, आणि तिचा जाब विजेला विचारण्यात अर्थ नाही. पावडर मालावर चिकटते ती दोनदा. आधी विजेनं, आणि ते चिकटणं फक्त भट्टीच्या दारापर्यंत पुरतं; फुंकर मारली तर झडेल इतकं कच्चं. मग भट्टीत वितळून, आतला हार्डनर पक्का होऊन. दुसऱ्या वेळी ती कशाला चिकटते, हा प्रश्न आहे. तेलाच्या थराला चिकटली तर तेलाबरोबर निघेल, गंजाला चिकटली तर गंजाबरोबर फुगेल. म्हणून आपल्याकडं सात टाक्यांची रीत रूढ झाली: तेल काढणं, पाणी, ॲसिडनं गंज काढणं, पाणी, फॉस्फेट, पाणी, पॅसिव्हेशन, आणि नंतर कोरडं करणं. कुठं टाक्या आठ-नऊ होतात, कुठं तेल आणि गंज एकाच टाकीत काढतात, क्रम तोच. फॉस्फेटचा बारीक स्फटिकांचा थर लोखंडावर वाढतो, पावडरीला पकड देतो, आणि वरचा थर फाटला तरी गंजाला आडवं पसरू देत नाही. तुम्ही सांगता तो पापुद्रा बहुतेक वेळा अशा शॉपमधला असतो जिथं थिनरच्या बोळ्यानं माल पुसला आणि सरळ गनखाली टांगला. ओला रंग अशा पुसलेल्या लोखंडावर थोडंफार निभावून नेतो, कारण रेड ऑक्साइड प्राइमर मधे असतो आणि द्रावक थोडं तेल आपल्यात विरघळवून घेतं. पावडर तेवढी दयाळू नाही. तिच्यात द्रावक नाही, म्हणजे चूक पोटात घालणारा कुणी मधे नाही.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. भाजून गार झालेल्या एका तुकड्यावर ब्लेडनं उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकटी पाडा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटकन ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर टाकीत किंवा भट्टीत काहीतरी चुकलंय. भट्टी शिजवते की नाही हेही असंच कळतं: द्रावकात भिजवलेल्या कापडानं घासलं आणि रंग मऊ पडून कापडाला लागला तर पावडर कच्ची आहे. बहुतेक पावडरी 180 ते 200 अंशांवर दहा मिनिटं मागतात, पण ते तापमान धातूचं असतं, भट्टीतल्या हवेचं नव्हे. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो. जाड अँगल आणि फ्लॅट तेवढ्याच वेळात अर्धेच तापलेले असतात. काटा 200 दाखवतोय म्हणून दोन्ही एकाच ट्रॉलीवर घालून एकाच वेळी काढले की पत्रा नीट होतो आणि अँगलवरची पावडर दिसायला पक्की, आतून कच्ची राहते. मग ती पार्टीच्या दारात झडते आणि नाव पावडरीचं खराब होतं.

यानंतरचा नानांचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. "सात टाक्या म्हणालास. त्यात ॲसिड, त्यात फॉस्फेट. ते पाणी आठवड्याला बदलायचं. मी थिनर हवेत सोडतो म्हणून मला बोल लावतोस. तू तुझं पाणी कुठं सोडणार? आमच्या खाडीत?"

या प्रश्नाला पावडरवाल्यांकडं बहुधा तयार उत्तर नसतं, आणि ते नसेल तर त्यांनी धंदा वाढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथून फार दूर नसलेल्या सचिन औद्योगिक वसाहतीत 6 जानेवारी 2022 च्या पहाटे एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडलं जात होतं. त्यातून वायू निघाला आणि शेजारच्या गिरणीतले 6 कामगार गेले. ते पाणी पावडर कोटिंगचं नव्हतं. पण 'थोडंसंच आहे, नाल्यात सोड' हा विचार तोच आहे, आणि ॲसिडचं पाणी दुसऱ्या कुणी सोडलेल्या रसायनाला भेटल्यावर काय होईल हे सोडणाऱ्याला ठाऊक नसतं. तेव्हा टाक्यांचं पाणी उदासीन करून, गाळ वेगळा काढून, प्रदूषण मंडळाच्या परवानगीनं सामाईक प्रक्रिया केंद्राला देणं हा पावडर कोटिंगच्या खर्चाचाच भाग आहे. तो धरून दर परवडत नसेल तर दर खोटा आहे. ॲल्युमिनियमच्या सेक्शनला जुन्या रीतीचं क्रोमेट वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे हे आता वादाचं राहिलेलं नाही. क्रोमविरहित आणि झिर्कोनियमवर आधारलेल्या प्रक्रिया बाजारात आहेत. त्यांत गाळ कमी पडतो आणि टाकी तापवावी लागत नाही. ज्याला हे काहीच जमत नाही त्या लहान शॉपनं टाक्या घालूच नयेत. माल दुसरीकडून धुऊन-फॉस्फेट करून आणावा, किंवा जाड मालाला शॉट ब्लास्टिंग करून घ्यावं. पण माल आणल्यावर त्याच दिवशी पावडर मारावी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या लोखंडावर रात्रीतून तांबूस झाक येते.

तरीही थिनर आणि टाकीचं पाणी हे दोन दोष एका तराजूत बसत नाहीत. टाकीचं पाणी टाकीत असतं; ते मोजता येतं, अडवता येतं, उद्या सोडू म्हणून आज झाकून ठेवता येतं. थिनर मारता मारताच हवेत जातो आणि आधी मारणाऱ्याच्या नाकात शिरतो. बंद खोलीत तो पेट घ्यायलाही तयार असतो. पावडरीलाही आग लागते, हे खरं. हवेत तिचा ढग ठरावीक प्रमाणाहून दाट झाला आणि ठिणगी मिळाली तर भडका उडतो. म्हणून बूथचा पंखा बंद असताना गन चालूच होऊ नये अशी जोडणी हवी. पावडर निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही. पॉलिएस्टर पावडरीत टीजीआयसी नावाचा हार्डनर असू शकतो, आणि तो युरोपात जनुकीय इजा करू शकणारा पदार्थ म्हणून नोंदलेला आहे. मास्क दोन्ही पक्षांना हवा. पावडरीचं म्हणणं एवढंच की तिचा त्रास बूथच्या आत कोंडता येतो.

"आणि ते लाख व्होल्ट?" नाना विचारतात. "पोरगं चिकटलं तर?"

दाब लाखाचा असला तरी चांगल्या गनमध्ये प्रवाह इतका आवळलेला असतो की माणूस चिकटत नाही. खरा धोका माणूस स्वतः जमिनीपासून तुटलेला असण्यात आहे. जाड रबरी बूट, रबरी हातमोजे, खाली प्लॅस्टिकचा कागद. आपल्याला वाटतं विजेचं काम आहे म्हणून ही काळजी घेतली. इथं ती उलटी पडते. भारित पावडरीच्या ढगात उभा असलेला माणूस भार गोळा करत राहतो आणि लोखंडाला हात लावताच ठिणगी देतो. झटक्यापेक्षा ती ठिणगी वाईट, कारण आजूबाजूला पावडर असते. म्हणून गनची मूठ उघड्या तळहातानं धरायची, मोजा घालायचाच तर तळव्याच्या बाजूनं कापलेला, आणि पायात भार वाहून नेणारे बूट. घरच्या विजेपासून वाचायला शिकलेली सवय इथं मोडावी लागते, आणि ती समजावून सांगितल्याशिवाय कुठलाही कारागीर आपणहून मोडणार नाही.

कोपऱ्यांचं दुखणंही याच वर्गातलं. खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात पावडर जात नाही, कडांवर मात्र दाट बसते, कारण भार सर्वांत जवळच्या टोकाकडं धावतो. अशा वेळी व्होल्टेज वाढवलं की कडा आणखी भरतात, कोपरा रिकामाच राहतो, आणि कडेवर साचलेल्या थरात इतका भार कोंडतो की तो आतून फुटून बारीक खड्डे पाडतो. उपाय उलटा आहे: व्होल्टेज आणि प्रवाह कमी करा, हवेचा जोर उतरवा, कोपरा आधी मारा, बाहेरची बाजू मागून. अनुभवी कोटर नॉब उतरवतो. नवशिका चढवतो.

नानांच्या घरी शेती आहे, तेव्हा ते विचारणारच: "आता फवारणीलाही हेच यंत्र आलंय म्हणतात. द्राक्षवाले नाशिकला वापरतात. मग ते खोटं का?"

खोटं नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातले एडवर्ड लॉ यांनी 1970 च्या दशकापासून पिकासाठी भारित थेंबांचा नोझल घडवला. त्यात थेंबाला भार देण्याबरोबर हवेचा जोरदार झोतही ठेवला, आणि माझ्या मते त्यातलं शहाणपण त्या झोतातच आहे. भारित थेंब पानाला वळसा घालून खालच्या बाजूला बसतो, आणि द्राक्षावरच्या डावणी रोगाचा मुक्काम पानाच्या खालच्याच अंगाला असतो. पण नुसत्या भारावर सोडलेला थेंब दाट मांडवात पहिल्याच पानाच्या टोकावर आपटतो आणि आतला घड कोरडा राहतो. खोक्याचा कोपरा आणि वेलीचा गाभा यांची अडचण एकच. हवेच्या झोतानं थेंब आत ढकलावे लागतात, विरळणी करून वाट ठेवावी लागते. मग विजेला काही करता येतं. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यानं पक्की ध्यानात ठेवावी. ओल्या मातीत अनवाणी उभा असलेला फवारणी करणारा माणूस पिकाइतकाच जमिनीला जोडलेला असतो, म्हणून भारित थेंब त्याच्याकडंही ओढले जातात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर साध्या पंपानं फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. हातात धरून चालवायच्या भारित पंपाची जाहिरात वाचताना तो हंगाम आठवावा. ट्रॅक्टरच्या मागं चालणारं यंत्र वेगळं, पाठीवर घेतलेलं वेगळं. कोविडच्या साथीत, 2020 मध्ये, चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी प्रयोगशाळेनं 10 ते 20 मायक्रॉनच्या भारित थेंबांचं निर्जंतुकीकरण यंत्र करून नागपूरच्या एका कंपनीला त्याचं तंत्र दिलं. टेबलं, खुर्च्या, दारांच्या मुठी यांवर कमी औषधात सगळीकडून फवारा बसावा, ही त्यामागची कल्पना. तिथंही थेंब जवळच्या टोकालाच आधी बसणार, हा नियम सुटत नाही.

शेवटी नाना साखर कारखान्याचं उदाहरण काढतात. तिथले कॉलम, गर्डर, रसाच्या पाइपांचे आधार. "ते भट्टीत घालणार आहेस का? आणि जागेवर वेल्डिंग झालं की तुझा रंग तिथं जळणार."

नाही घालणार. तिथं नाना पूर्णपणे बरोबर आहेत. उभ्या असलेल्या ढाच्याला ब्लास्टिंग करून इपॉक्सी प्राइमर आणि वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, ओला रंग हेच योग्य, आणि ते कसब पावडरवाल्या पोरांकडं नसतं. उलट उन्हातल्या खिडकीला स्वस्त म्हणून इपॉक्सीची पावडर मारून देणारा आमच्या पक्षाचा माणूस नानांपेक्षा जास्त दोषी आहे; इपॉक्सी उन्हात पांढरी पडते, हे पावडर विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बाहेरच्या मालाला पॉलिएस्टर आणि आतल्या मालाला इपॉक्सी-पॉलिएस्टरची हायब्रिड, एवढी निवड पार्टीला सांगून करावी.

मला भांडायचंय ते वेगळ्याच क्रमाशी. या पट्ट्यात पावडरीकडं वळणारा माणूस आधी गन घेतो, कारण गन दिसते आणि नातेवाइकांना दाखवता येते. मग भट्टी घेतो. टाक्या पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि हूक, मेगर, थर मोजायचा मीटर यांचं नावही यादीत नसतं. पैसा याच्या उलट क्रमानं लागला पाहिजे. आधी माल धुण्याची आणि पाण्याची सोय, मग धातूचं तापमान मोजता येईल अशी भट्टी, मग अर्थिंग आणि मेगर, आणि उरलेल्या पैशात जी येईल ती गन. साधी गन स्वच्छ हुकावर चांगलं काम देते. महागडी गन रंग चढलेल्या हुकावर देत नाही. तेव्हा ज्यांनी गन आधीच घेतलीय त्यांना माझी विनंती आहे: रोज सकाळी पहिला माल टांगल्यावर मेगरचं एक टोक मालाला आणि दुसरं अर्थपट्टीला लावा. आकडा 1 मेगाओमच्या वर गेला तर त्या दिवशी व्होल्टेजच्या नॉबला हात लावू नका. हूक उतरवा आणि घासा.